मुलांसाठी आयव्हरमेक्टिन: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

आयव्हरमेक्टिनबद्दल पालक दोन टोकांचं बोलतात. काहींच्या लेखी ते साधं जंताचं औषध, कुणाकडे उरलेली गोळी असली तरी चालून जाईल असं. काहींना ते विषासारखं वाटतं, कारण हे जनावरांचं औषध आहे असं त्यांच्या कानावर आलेलं असतं. आजार योग्य असेल, वजनाचा हिशेब बरोबर असेल आणि गोळी माणसांसाठी बनवलेली असेल, तर बहुतेक मुलांना हे औषध चांगलं सोसतं. यातली एक गोष्ट जरी हुकली तरी तसं म्हणता येत नाही. मुलाला तपासून डॉक्टर जे सांगतील तेच शेवटचं. त्यांची चिठ्ठी हातात आल्यावर काय पाहायचं आणि काय विचारायचं, त्यासाठी ही उत्तरं आहेत.

हे औषध मुलांना कशासाठी देतात?

सगळ्यात जास्त खरजेसाठी. त्यातही मलम लावून भागत नसेल, घरात बरेच जण खाजवत असतील किंवा एखाद्या वसतिगृहात साथच पसरली असेल तेव्हा. दुसरं कारण म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत. तो मातीतून अनवाणी पायांच्या कातडीवाटे शिरतो आणि उपचार झाला नाही तर वर्षानुवर्षं आतड्यात राहतो. आफ्रिकेत काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या आणि दृष्टी घालवणाऱ्या ऑन्कोसर्कायसिसवर तर हेच मुख्य औषध आहे. उवा इतर कशालाच दाद देत नसतील तर कधी कधी डॉक्टर गोळी विचारात घेतात.

काही देशांत ही गोळी खरजेसाठी अधिकृतपणे मंजूर आहे, काही देशांत डॉक्टर ती अनुभवाच्या आणि मार्गदर्शक सूचनांच्या आधारे देतात. अमेरिकेत पोटातून घ्यायच्या गोळीच्या माहितीपत्रकात खरूज लिहिलेली नाही, तरी तिथेही ती खरजेसाठी सर्रास दिली जाते. पत्रकात खरूज दिसली नाही म्हणून डॉक्टर चुकले, असा अर्थ काढू नका.

म्हणजे मुलाच्या पोटात जंत झाले की हेच द्यायचं?

नाही. नेहमीचे गोल जंत, रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे बारीक पांढरे जंत यांसाठी सहसा अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल देतात. शाळांमधून ठरावीक काळाने वाटतात ती गोळीही बहुतेक ठिकाणी यांपैकीच एक असते. चपट्या पट्टकृमींवर आयव्हरमेक्टिनचा उपयोग होत नाही. पातळ जुलाब करणाऱ्या जिआर्डियावरही नाही.

जंत मरतात, मग मुलाला काही का होत नाही?

आयव्हरमेक्टिन किडीच्या किंवा जंताच्या मज्जापेशी आणि स्नायूंवरच्या एका खास दरवाजाला चिकटतं. ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइडच्या या मार्गिका सस्तन प्राण्यांमध्ये नसतात. दरवाजा उघडाच राहतो, क्लोराइड आत घुसत राहतं, जंत लुळा पडतो आणि मरतो.

माणसाच्या मेंदूत त्याच्याशी थोडंफार साधर्म्य असलेल्या दुसऱ्या मार्गिका आहेत. औषध तिथे पोचलं तर त्रास होऊ शकतो. पण रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन पहारा देतं आणि आत येऊ पाहणारं औषध पुन्हा रक्तात ढकलतं. खाली वजनाची अट, इतर औषधं आणि अतिमात्रा यांबद्दल जे काही लिहिलं आहे, त्याचं मूळ या पहाऱ्यात आहे.

हे औषध जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून आलं. तो जिवाणू सातोशी ओमुरा यांनी वेगळा केला, विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातल्या द्रव्याचा जंतांवरचा परिणाम दाखवला आणि २०१५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा दोघांना मिळून दिला गेला. ते आधी जनावरांसाठी आलं आणि १९८७ पासून माणसांसाठी. जनावरांचं औषध हा शिक्का तिथून लागला.

१५ किलोच्या खालच्या मुलांना देत नाहीत असं ऐकलं. खरं का?

माहितीपत्रकात तसंच आहे: १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांमध्ये सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. मुळात हे औषध मंजूर झालं तेव्हा इतक्या लहान मुलांवर पुरेसा अभ्यास झालेला नव्हता, आणि तान्ह्या वयात मेंदूचा तो पडदा पुरेसा पक्का नसेल अशी धास्ती होती.

त्यानंतर बरीच माहिती जमा झाली आहे. १५ किलोखालच्या हजाराहून अधिक मुलांच्या नोंदी एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात फार थोड्या मुलांना त्रास झालेला आढळला आणि तोही सौम्य होता. म्हणून काही त्वचारोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ, मलम लावून काहीच उपयोग होत नसेल तेव्हा, विचार करून लहान मुलांनाही हे औषध देतात. हा निर्णय तज्ज्ञाने मूल समोर बसवून घ्यायचा असतो. 'आमचं बाळ १३ किलोचं आहे, दोन किलोंनी काय बिघडतंय' असं म्हणत घरी घ्यायचा हा निर्णय नाही, कारण अशा बाळासाठी बिनधोक पर्याय हाताशी आहे. पर्मेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम दोन महिन्यांच्या वरच्या बाळांना चालतं. त्याहूनही लहान बाळ असेल तर डॉक्टर गंधकाचं मलम सुचवू शकतात.

डोस कसा ठरवतात?

वजनावर. वयावर नाही, इयत्तेवर नाही, 'दिसायला मोठा आहे' यावर तर मुळीच नाही.

खरूज आणि स्ट्राँगिलॉइडिससाठी दर किलो वजनाला साधारण २०० मायक्रोग्रॅम, ऑन्कोसर्कायसिससाठी १५० मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. २२ किलोच्या मुलाचा हिशेब करू: २२ गुणिले २०० म्हणजे ४४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४.४ मिलिग्रॅम. डॉक्टर हा आकडा गोळीच्या सोयीने वरखाली करतात. माहितीपत्रकातल्या तक्त्याप्रमाणे १५ ते २४ किलोला ३ मिलिग्रॅम, २५ ते ३५ किलोला ६, ३६ ते ५० किलोला ९ आणि ५१ ते ६५ किलोला १२ मिलिग्रॅम असे टप्पे आहेत. त्यामुळे २२ किलोच्या मुलाला एक डॉक्टर ३ मिलिग्रॅम लिहील, दुसरा साडेचार. दोन्ही चालण्यासारखे आहेत.

आता खरी जपण्याची गोष्ट. ही गोळी ३, ६ आणि १२ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. 'दीड गोळी' असं तोंडी सांगितलेलं असेल आणि दुकानातून भलत्याच ताकदीची पट्टी आली, तर ३ च्या हिशेबाने ४.५ मिलिग्रॅम जायला हवं तिथे १२ ची दीड गोळी म्हणजे १८ मिलिग्रॅम पोटात जातं, थेट चौपट. म्हणून चिठ्ठीवर गोळ्यांच्या संख्येसोबत मिलिग्रॅम लिहून घ्या, आणि पट्टीवरचा आकडा दुकानातच, पैसे देण्याआधी वाचून पाहा. 'किती किलोच्या हिशेबाने लिहिलंय?' हा प्रश्न कुठल्याही डॉक्टरांना खटकू नये. खटकला तरी विचारा.

वजन घरी केलेलं चालेल का?

चालेल, काटा बरा असेल तर. जाड कपडे आणि बूट काढून, त्याच आठवड्यात केलेलं. मागच्या वर्षीच्या लसीकरणाच्या कार्डावरचं वजन सांगू नका. वाढत्या वयात वर्षभरात टप्पाच बदलतो. मूल काट्यावर उभं राहत नसेल तर त्याला घेऊन स्वतः उभे राहा आणि मग आपलं वजन वजा करा.

आफ्रिकेतल्या गावोगावच्या औषधवाटपात काटा नेणं जमत नाही, तेव्हा उंची मोजायची काठी वापरतात: ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला औषध देत नाहीत, ९० ते ११९ ला ३ मिलिग्रॅमची एक गोळी, आणि पुढे उंचीप्रमाणे. हजारोंना एका दिवसात औषध द्यायचं असेल तर ही युक्ती उत्तम आहे. घरी एका मुलासाठी काटाच वापरा.

खरजेसाठी दुसरा डोस का? पहिल्यानेच बरं वाटलं तर?

तरी घ्यायचा. औषध जिवंत किडे मारतं, अंडी मारत नाही. कातडीच्या आतल्या बोगद्यांत घातलेली अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, आणि या औषधाची रक्तातली पातळी साधारण १८ तासांत निम्म्यावर येत असल्याने उशिरा बाहेर पडणारी पिल्लं त्याच्या तावडीतून सुटतात. ती मोठी होऊन स्वतः अंडी घालू लागण्याआधी, म्हणजे ७ ते १४ दिवसांनी, दुसरा डोस त्यांना गाठतो. दोन डोसांतला हा मधला काळ दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा आहे. 'लवकर बरं व्हावं' म्हणून दुसरी गोळी तिसऱ्याच दिवशी देणारे पालक असतात. त्याने औषध जास्त जातं आणि काम कमी होतं.

स्ट्राँगिलॉइडिसमध्ये बऱ्याचदा एक-दोन दिवसांचाच उपचार असतो, पण नंतर शौचाची तपासणी पुन्हा करावी लागते. कातडीवर जाड पापुद्रे येणारी, हजारो किडे असलेली खरूज मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथे अनेक डोस आणि मलम दोन्ही लागतात आणि ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

औषध दिलं, पण खाज थांबत नाही. आणखी एक गोळी द्यावी का?

देऊ नका. मेलेले किडे आणि त्यांची विष्ठा कातडीतच असते आणि शरीर तिच्यावर चिडलेलं असतं. उपचार नीट झाल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. त्या काळात साधं ओलावा देणारं मलम, गरज असल्यास डॉक्टरांनी दिलेलं खाजेचं औषध पुरतं. नवे पुरळ, बोटांच्या बेचक्यांत नव्या बारीक रेषा किंवा चार आठवड्यांनंतरही तीच खाज दिसली तर पुन्हा तपासून घ्या. तेव्हा आधी विचारायचा प्रश्न असतो: घरातल्या सगळ्यांनी उपचार घेतला होता का? बहुतेकदा गाडं तिथेच अडलेलं असतं.

रिकाम्या पोटी द्यायचं की खाल्ल्यावर?

इथे पालक गोंधळतात, आणि त्यांचा दोष नाही. माहितीपत्रक सांगतं रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. खरजेसाठी अनेक डॉक्टर सांगतात खाल्ल्यावर. चरबीयुक्त जेवणानंतर हे औषध रक्तात सुमारे अडीचपट शोषलं जातं, असं मोठ्यांवरच्या मोजमापात दिसलं आहे. खरजेत कातडीपर्यंत जास्त औषध पोचावं हा हेतू असतो, आतड्यातल्या जंतासाठी त्याची तेवढी गरज नसते. तुमच्या मुलाच्या आजारासाठी डॉक्टरांनी जे सांगितलं तेच करा, आणि दोन्ही डोसांना तसंच. मूल वजनाच्या टप्प्याच्या अगदी खालच्या टोकाला असेल तर हा प्रश्न मुद्दाम विचारून घ्या.

गोळी गिळता येत नाही. चुरून चालेल?

बरेच डॉक्टर आणि औषध देणारे तशी परवानगी देतात. आधी विचारून घ्या. चुरा चमचाभर मऊ पदार्थात कालवून लगेच द्या. वाटीभर पदार्थात मिसळू नका, मूल अर्धी वाटी टाकून उठतं आणि मग किती औषध गेलं ते कुणालाच कळत नाही.

दिल्यावर मुलाने उलटी केली तर?

किती वेळाने झाली आणि गोळीचे तुकडे दिसले का, एवढं टिपून डॉक्टरांना फोन करा. स्वतःहून दुसरी गोळी देऊ नका.

कोणता त्रास साधा आणि कोणता घाबरण्याचा?

थोडी मळमळ, पोटात दुखणं, पातळ शौच, डोकं दुखणं, जरा चक्कर, झोपाळूपणा हे होऊ शकतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. खरजेत पहिल्या दोन-तीन दिवसांत खाज वाढलेलीही दिसते.

ऑन्कोसर्कायसिस असलेल्या मुलांत औषधामुळे मरणाऱ्या असंख्य अळ्यांवर शरीर उसळतं. ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, गाठी सुजतात, सांधे दुखतात. यालाही उपचार आहेत, पण डॉक्टरांना कळवायलाच हवं.

चालताना तोल जाणं, मूल नेहमीसारखं जागं न होणं, गोंधळल्यासारखं बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसणं, फिट येणं, श्वास लागणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, कातडीवर फोड येणं: यातलं एक जरी दिसलं तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि गोळीची पट्टी सोबत न्या.

डॉक्टरांना आधीच काय सांगावं?

मुलाला फिटचा त्रास किंवा मेंदूचा काही आजार असेल तर तो. यकृताचा आजार असेल तर तोही, कारण हे औषध यकृतातच मोडलं जातं. मूल मध्य किंवा पश्चिम आफ्रिकेत राहून आलं असेल तर ते आवर्जून सांगा. तिथल्या काही भागांत लोआ लोआ नावाचा जंत असतो. तो रक्तात खूप प्रमाणात असताना आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून आधी रक्त तपासतात.

चालू असलेली सगळी औषधं सांगा. झोप आणणारी आणि फिटची काही औषधं मेंदूवरचा परिणाम वाढवू शकतात. केटोकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं आणि एचआयव्हीवरची काही औषधं त्या पी-ग्लायकोप्रोटीनचा पहारा ढिला करू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढल्याच्याही नोंदी आहेत. स्टेरॉइड चालू असेल किंवा सुरू होणार असेल तर तेही सांगा. स्ट्राँगिलॉइडिस शरीरात असताना स्टेरॉइड मिळालं की तो जंत आवाक्याबाहेर वाढू शकतो. वयात आलेल्या मुलीला गर्भधारणेची शक्यता असेल तर डॉक्टरांना तिच्याशी एकांतात बोलू द्या.

क्वचित काही जणांमध्ये पहाऱ्याचं हे प्रथिनच जन्मतः नीट बनत नाही. कॉली जातीच्या कुत्र्यांत हा दोष पशुवैद्यांना चांगला माहीत आहे. माणसांत तो फारच दुर्मीळ, तरी नेहमीच्या एका डोसनंतर १३ वर्षांचा मुलगा बेशुद्धीच्या जवळ गेल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्यात हाच दोष सापडला. यासाठी प्रत्येक मुलाची जनुकीय तपासणी करत नाहीत. पण भावंडाला किंवा मुलाला स्वतःला या औषधाने पूर्वी असा त्रास झाला असेल तर ते सांगायलाच हवं.

जनावरांसाठी मिळतं ते थोडंसं दिलं तर? औषध तर तेच आहे.

द्रव्य तेच, पण मात्रा माणसाच्या मुलाचा विचार करून ठेवलेली नाही. घोड्यांसाठीच्या १.८७ टक्के पेस्टची नेहमीची नळी ६.०८ ग्रॅमची असते आणि तिच्यात ११३.७ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असतं, साधारण ५६७ किलोच्या घोड्यासाठी. १५ किलोच्या मुलाचा डोस ३ मिलिग्रॅम. म्हणजे एका नळीत त्याचे जवळजवळ ३८ डोस. 'अगदी थोडं देऊ' म्हणणाऱ्यांनी दांड्यावरच्या खुणा पाहाव्यात: सगळ्यात छोटी खूणही ११३ किलोच्या जनावरासाठी असते आणि तेवढ्या पेस्टमध्ये सुमारे २३ मिलिग्रॅम औषध असतं. १ टक्क्याच्या इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट बोटावर घेऊन हे मोजता येत नाही. शिवाय काही नळ्यांत प्राझिक्वांटेलसारखं दुसरं औषधही मिसळलेलं असतं, आणि बाकीचे घटक माणसाच्या पोटासाठी तपासलेले नसतात.

घरात जनावरांसाठी ही औषधं असतील तर ती कुलपात ठेवा. काही पेस्टना घोड्यांना आवडावं म्हणून सफरचंदाचा स्वाद दिलेला असतो, आणि तो लहान मुलांनाही आवडतो.

चुकून जास्त गेलं. आता?

उलटी करवू नका. मीठपाणी पाजू नका. किती मिलिग्रॅमची गोळी, किती गेल्या, किती वाजता, मुलाचं वजन किती हे सांगत विषबाधा मदतकेंद्राला किंवा रुग्णालयाला फोन करा आणि मूल ठीक दिसत असलं तरी निघा. लक्षणं काही तासांनी दिसू शकतात. यावर उतारा असं औषध नाही. डॉक्टर मुलाला नजरेखाली ठेवतात, श्वास आणि रक्तदाब सांभाळतात, फिट आली तर ती थांबवतात.

घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचं का?

खरजेत उपचार सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज नसली तरी. पण सगळ्यांनी हीच गोळी नाही. गरोदर बाई, लहान बाळ यांच्यासाठी डॉक्टर मलम सांगतील. त्याच दिवशी मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन वाळवा. धुता येत नाही ते बंद पिशवीत आठवडाभर ठेवा. कातडीपासून दूर हे किडे सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत.

ताप-सर्दी, कोविड किंवा 'शरीरशुद्धी'साठी?

नाही. कोविडवर मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांत याचा उपयोग दिसला नाही. 'अंगातले परजीवी काढायला दर महिन्याला एक' हा सल्ला तर तपासणीशिवाय, आजाराशिवाय मुलाला औषध पाजण्याचा आहे. कर्करोगावर चालतं म्हणून फिरणारे संदेश प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या कामाचे असतात.

दुसऱ्या डोसनंतर दोन गोळ्या उरल्या. ठेवू का?

पुढच्या वेळी मुलाचं वजन वेगळं असेल, आजारही कदाचित वेगळा असेल. औषध दुकान परत घेत असेल तर तिथे द्या. घेत नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यासारख्या नकोशा कचऱ्यात मिसळा आणि बंद पिशवीतून टाका. चिठ्ठीचा फोटो मात्र तारीख आणि वजन दिसेल असा काढून ठेवा. पुन्हा खरूज झाली तर डॉक्टर तो मागतील.